परवान्यातली एक ओळ : लंडनचं जॅझ एफएम का बंद पडलं आणि परत कसं आलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातून इंटरनेटवर जॅझचं स्टेशन काढायचा विचार आहे, ते जाहिरातींवर चालवायचं आहे. लंडनच्या जॅझ एफएमचं नाव सारखं कानावर येतं. ते कसं उभं राहिलं, मधे का बंद पडलं, परत कसं आलं? आणि ऐकणारे असूनही जॅझची स्टेशनं टिकत का नाहीत?

खासगी एफएममध्ये माझी वीसेक वर्षं गेली. त्यातली बहुतेक संगीत विभागात, म्हणजे तासाच्या घड्याळात कुठलं गाणं कुठे बसवायचं हे ठरवण्यात. जॅझ माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी थेट उत्तर. सदाशिव पेठेतला जुना वाडा पडतो तो राहायला माणसं उरली नाहीत म्हणून नाही. खालच्या जागेला भाव येतो म्हणून पडतो. जॅझ स्टेशनचंही तेच. ते पोट भरण्याइतकं कमावत असतं, कधी थोडा तोटाही असतो. पण ज्या फ्रिक्वेन्सीवर ते बसलेलं असतं तिचा भाव एक दिवस स्टेशनच्या कमाईच्या कितीतरी पुढे जातो. मग मालकाला हिशेब कळतो आणि वाडा पडतो. लंडनची गोष्ट वेगळी झाली, कारण तिथे भाडेकरूच्या बाजूने कागदावर एक ओळ लिहिलेली होती.

हे समजायला आधी अमेरिकेत जावं लागेल.

१९५०च्या दशकात अमेरिकेत एफएम ही ओसाड जमीन होती. रेडिओ म्हणजे एएम. एफएमचे रिसीव्हर थोड्या घरांत होते आणि बरीच एफएम स्टेशनं आपल्याच एएमचा कार्यक्रम जसाच्या तसा पुन्हा लावायची. जागा स्वस्त असेल तिथे हौशी माणसं येतात. १९५९ साली सॅन फ्रान्सिस्कोसमोर, खाडीपलीकडच्या अलामेडात, पॅट हेन्री यांनी ९२.७वर केजॅझ सुरू केलं. दिवसरात्र जॅझ, तेही जाहिरातींवर. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये सॉल लेव्हिन यांचं १०५.१ सुरू झालं आणि लवकरच जॅझकडे वळलं. न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी १९६१ला डब्ल्यूआरव्हीआर सुरू झालं, तेही चक्क एका चर्चचं. रिव्हरसाइड चर्चच्या या स्टेशनवर एड बीच नावाचे निवेदक एकेका वादकावर तासन्‌तास कार्यक्रम करत. पुढे सत्तरच्या दशकात ते पूर्ण वेळ जॅझचं झालं आणि १९७६ला चर्चने ते विकलं.

तोवर जमिनीला भाव आला होता. स्टिरिओ आलं, गाड्यांमध्ये एफएम आलं आणि सत्तरचं दशक संपता संपता अमेरिकेत एफएम ऐकणारे एएमपेक्षा जास्त झाले. ८ सप्टेंबर १९८०ला डब्ल्यूआरव्हीआरच्या श्रोत्यांनी रेडिओ लावला तर तिथे कंट्री म्युझिक. न्यूयॉर्कसारख्या शहरात, जिथे जॅझ मोठं झालं तिथे, त्याचं व्यावसायिक स्टेशन एका दिवसात गेलं. श्रोत्यांनी समित्या काढल्या, सरकारी नियामकाकडे धाव घेतली. उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी, १९८१ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डब्ल्यूएनसीएन या शास्त्रीय संगीताच्या स्टेशनच्या खटल्यात निकाल दिला की कुठलं संगीत लावायचं हे बाजारावर सोडायचं नियामकाचं धोरण योग्यच आहे. श्रोत्यांचा स्टेशनवर कायदेशीर हक्क नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं.

केजॅझ मात्र १९९४पर्यंत टिकलं. पस्तीस वर्षं. त्याचं कारण मला फार बोलकं वाटतं. १९८०च्या सुमारास ते रॉन कोवन यांच्याकडे गेलं. त्यांचा धंदा जमिनी आणि बांधकामाचा. जागेचा भाव ज्याला सगळ्यात आधी कळतो अशा माणसाने प्रेमापोटी चौदा वर्षं हा वाडा पाडला नाही. शेवटी विकलाच, आणि ९२.७वर स्पॅनिश कार्यक्रम सुरू झाले. लेव्हिन यांनी १९९०लाच आपलं स्टेशन पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे वळवलं होतं. व्यावसायिक जॅझच्या या तिन्ही शहरांत आज शुद्ध जॅझ लावणारी मोठी स्टेशनं सार्वजनिक आहेत, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतात. न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कचं डब्ल्यूबीजीओ हे त्यातलं सगळ्यात ठळक नाव.

आता लंडन.

ब्रिटनमध्ये खासगी रेडिओ १९७३ला आला. १९८९ला तिथल्या नियामकाने विशिष्ट आवडीच्या श्रोत्यांसाठी काही जादा परवाने काढले. ऐंशीच्या दशकात लंडनच्या इमारतींच्या गच्च्यांवरून चोरटी स्टेशनं सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गाणं), रेगे, जॅझ-फंक वाजवत होती. त्या मागणीला वाट करून देणं हा एक हेतू होता. यातून १०२.२ ही फ्रिक्वेन्सी जॅझ एफएमला मिळाली. सगळ्यात महत्त्वाचं हे की ती लिलावात मिळाली नाही. ब्रिटनमध्ये स्थानिक परवाने सर्वांत जास्त पैसे देणाऱ्याला नव्हे, तर 'आम्ही काय ऐकवू' हे सर्वांत चांगलं मांडणाऱ्याला मिळत. जे मांडलं ते परवान्यात उतरत असे. म्हणजे 'हे स्टेशन जॅझ वाजवेल' ही फक्त मालकाची इच्छा राहिली नाही, ती अट झाली.

स्टेशनमागचा माणूस होता डेव्ह ली, पियानोवादक आणि संगीतकार. आपल्या वाचकांना एक धागा जवळचा वाटेल : ब्रिटिश विनोदी नट पीटर सेलर्सने भारतीय डॉक्टरच्या सोंगात सोफिया लॉरेनबरोबर म्हटलेलं १९६०चं 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणं ली यांच्याच चालीतलं. त्यावरूनच पुढे बीबीसीवरच्या ब्रिटिश एशियन कलाकारांच्या विनोदी मालिकेला नाव मिळालं. ४ मार्च १९९०ला जॅझ एफएम सुरू झालं ते रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या जॅझगायिका एला फिट्झगेराल्डच्या मैफिलीने. याहून चांगला मुहूर्त शोधून सापडला नसता.

पण मुहूर्ताने तिजोरी भरत नाही. नेमकी मंदी आली, जाहिराती आटल्या आणि थोड्याच काळात स्टेशनला पैशांची चणचण भासू लागली. नवे मालक आले, गोल्डन रोझ. आतले वादही होते. जाइल्स पीटरसन हा चोरट्या स्टेशनांमधून आलेला तरुण निवेदक. १९९१च्या आखाती युद्धाच्या वेळी त्याने शांततेची गाणी लावली आणि त्याची नोकरी गेली. पुढे तो बीबीसीवरचा जगप्रसिद्ध निवेदक झाला.

खरी अडचण मात्र मालकांची किंवा निवेदकांची नव्हती. ती तासाच्या घड्याळात होती, आणि तिथे मला थोडं थांबायचं आहे, कारण तुम्हालाही तिथेच ठेच लागणार आहे.

आमच्या कामात प्रत्येक तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं. खरंच गोल तबकडी काढतात. साठ मिनिटांत दहा-बारा मिनिटं जाहिराती, चार-पाच मिनिटं आरजेचं बोलणं, थोड्या जिंगल्स. उरतात त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटं. हिंदी चित्रपटगीत अंतरा छाटून साडेतीन मिनिटांचं केलं की बारा गाणी बसतात. प्रत्येक गाण्यानंतर ब्रेक घ्यायची सोय राहते, आणि न आवडलेलं गाणं साडेतीन मिनिटांत संपतं, श्रोता पळत नाही. आता या तबकडीत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' बसवा. नऊ मिनिटं बावीस सेकंद. ते छाटता येत नाही. सुरुवातीला डबल बास प्रश्न विचारल्यासारखा बोलतो, बाकीची वाद्यं दोन सुरांत उत्तर देतात, मग एकेक वादक आपलं म्हणणं मांडतो, आणि शेवटी तोच प्रश्न, तेच उत्तर परत येतं. ते परत येण्याआधी आवाज उतरवला तर गाण्याचा घात होतो. सम यायच्या आत तबला बंद करावा तसं. पूर्ण वाजवलं तर तासात ब्रेकच्या जागा कमी होतात, म्हणून प्रत्येक ब्रेक लांबतो. लांब ब्रेकमध्ये लोक स्टेशन बदलतात आणि श्रोत्यांच्या आकड्यांचा तक्ता घेऊन सेल्सवाले तुमच्या टेबलाशी येऊन उभे राहतात.

जॅझ एफएमने यावर जो तोडगा काढला तो जगभरच्या स्टेशनांनी काढला : दिवसा गायलेलं, छोटं, ओळखीचं, रात्री लांब आणि कसदार. दिवसा एला, नॅट किंग कोल, जॉर्ज बेन्सन आणि त्यांच्या जोडीला भरपूर सोल. पट्टीच्या रसिकांना हे पाणी घातलेलं दूध वाटे, आणि 'जॅझ' या शब्दाला बिचकणारा सामान्य श्रोता तरीही जवळ येत नसे. दोन्ही बाजूंनी मार. १९९४ला मँचेस्टरकडे १००.४वर भावंड स्टेशन सुरू झालं, त्याच सुमारास नावातला 'जॅझ' काढून नुसतं 'जेएफएम' केलं गेलं. जॅझचा परवाना हातात, आणि पाटीवर मात्र जॅझ नाही.

पाटी परत लावली ती रिचर्ड व्हीटली यांनी. ते जाहिरात क्षेत्रातून आलेले, १९९५मध्ये सूत्रं हातात घेतली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशार निर्णय हाच. एखाद्या शब्दाने चार माणसं दूर जात असतील, पण उरलेल्या एकाच्या मनात तो शब्द घर करून असेल, तर त्या एकाला काय विकता येईल हे जाहिरातवाल्याला कळतं. गाडी, विमा, वाइन, प्रवास. श्रोते किती यापेक्षा श्रोते कोण हे विकायचं. जॅझ एफएमने पुढे कार्यक्रमांचं प्रायोजकत्व, सीडी, असे उत्पन्नाचे बरेच झरे काढले. १९९९ला त्यांच्याच घरात हेड कँडी हे रेकॉर्ड लेबल निघालं. ते जॅझचं नव्हतंच, क्लबमध्ये वाजणाऱ्या हाउस म्युझिकचे संग्रह काढायचं, आणि तुफान खपलं.

त्याच वर्षी मी कामानिमित्त तीन आठवडे लंडनला होतो. हॅरोला मावसभावाकडे उतरलो होतो. संध्याकाळी सात वाजता वहिनी स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ लावायची : जॅझ एफएमवरचा 'डिनर जॅझ'. तिला कुणा वादकाचं नाव माहीत नव्हतं, जाणून घ्यायचंही नव्हतं. पोळ्या लाटताना तिला तो कार्यक्रम हवा असे. निवेदिका हळू बोलायची, दोन गाण्यांमध्ये मोजकी तीन वाक्यं, आणि गप्प. हेलन मेह्यू यांनी रूढ केलेली ती पद्धत. आमच्याकडे त्या काळात आरजेने एक सेकंदही मोकळा सोडायचा नाही असा दंडक होता. मी रोज वहीत लिहून घेत होतो : किती वेळ बोलली, गाणं संपल्यावर किती वेळ शांतता ठेवली. एकदा मी मोजलं तर जवळजवळ तीन सेकंद काहीच नव्हतं, फक्त शेवटच्या झांजेचा विरत जाणारा आवाज. रेडिओवर तीन सेकंद फार मोठे असतात. वहिनीचं लाटणं तेवढं ऐकू येत होतं.

जॅझ रेडिओचा श्रोता म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती येते. अभ्यासक असतातच, पण स्टेशन चालतं ते तिच्यामुळे.

२००२ला गार्डियन मीडिया ग्रुपने लंडन आणि मँचेस्टर दोन्ही स्टेशनं चार कोटी पंचेचाळीस लाख पौंडांना विकत घेतली. इथे वाड्याची गोष्ट परत सुरू होते. एवढी रक्कम मोजणारा जॅझसाठी मोजत नव्हता, लंडनमधल्या एफएमच्या जागेसाठी मोजत होता. २००४ला मँचेस्टरचं नाव 'स्मूथ एफएम' झालं, २००५च्या उन्हाळ्यात लंडनचंही. दिवसभर सोल आणि कानाला गोड लागणारी गाणी. पंधरा वर्षांचं १०२.२ जॅझ एफएम संपलं.

पण परवान्यातली ती ओळ शिल्लक होती. नाव बदलता आलं, तरी अट अशी होती की आठवड्याला पंचेचाळीस तास जॅझ वाजवायचंच. स्मूथने ते रात्रीच्या कोपऱ्यात ढकललं. तरी ते वाजत राहिलं, आणि मालकाला ते खुपत राहिलं. शेवटी त्यांनी नियामकाकडे, ऑफकॉमकडे, अट काढायची मागणी केली, आणि त्या बदल्यात जॅझ एफएम डिजिटल रेडिओवर पुन्हा सुरू करायची तयारी दाखवली. ६ ऑक्टोबर २००८ला ते परत आलं. न्यूयॉर्कमध्ये श्रोत्यांच्या समित्यांना जे जमलं नाही ते लंडनमध्ये एका कलमाने केलं. जॅझला जागा सोडावी लागली, पण पर्यायी जागा घेऊन. पुनर्विकासात भाडेकरूला सदनिका मिळते तसं.

परत आलेल्या स्टेशनच्या मागे पुन्हा व्हीटलीच होते. २००९ला त्यांनी सहकाऱ्यांसह ते विकत घेतलं. डिजिटलवर जागा कमी पडत नाही, पण भाडं आहेच. डिजिटल रेडिओत अनेक स्टेशनं एकाच लहरीवर एकत्र जातात, तिला मल्टिप्लेक्स म्हणतात, आणि जितके बिट्स वापराल तितके पैसे. डिजिटल रेडिओच्या जुन्या, डॅब नावाच्या पद्धतीत चांगल्या आवाजाला बिट्स फार लागत, आणि जॅझमध्ये झांज, ड्रमवर फिरणारा ब्रश, बासची तार ही आवाजाची नाजूक कामं आधी बिघडतात. म्हणून २०१६ला देशव्यापी दुसरं व्यावसायिक मल्टिप्लेक्स आलं तेव्हा जॅझ एफएम डॅब प्लस या सुधारित पद्धतीवर गेलं. कमी बिट्समध्ये बरा स्टिरिओ, म्हणजे कमी भाड्यात बरी खोली. ब्रिटनमध्ये ही पद्धत वापरणाऱ्या पहिल्या स्टेशनांत ते होतं. व्हीटली तोवर राहिले नव्हते, २०१५ला गेले. २०१८ला बाउअर या मोठ्या कंपनीने स्टेशन घेतलं.

'स्मूथ जॅझ'बद्दल थोडक्यात, कारण तुमच्या मनात तो मार्ग असणार. १४ फेब्रुवारी १९८७ला लॉस एंजेलिसचं ९४.७ रॉक सोडून 'द वेव्ह' झालं आणि अमेरिकाभर मऊ सॅक्सोफोनच्या स्टेशनांची लाट आली. वीस वर्षं ती उत्तम चालली. मग श्रोते मोजायची पद्धत बदलली, काय ऐकलं ते श्रोत्यांनी लिहायच्या डायरीच्या जागी अंगावर बाळगायचं यंत्र आलं, आणि याच सुमारास ही स्टेशनं एकामागून एक बंद झाली. न्यूयॉर्कचं सीडी १०१.९ फेब्रुवारी २००८ला गेलं. माझा अंदाज असा की डायरीत लोक आवडीचं स्टेशन लिहितात, यंत्र फक्त कानावर पडलेलं मोजतं. ज्या संगीताची भिस्त फक्त मागे वाजत राहण्यावर असते, त्याला वाईट दिवसांत उभा राहणारा चाहता मिळत नाही. लंडनला 'जॅझ' नावासाठी भांडणारे लोक होते.

आता आपल्याकडे. आपले खासगी एफएम परवाने बोलीने गेले. ज्याने मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीसाठी कोट्यवधी मोजले, तो पहिल्या दिवसापासून सर्वांत रुंद रस्त्यानेच जाणार, म्हणजे हिंदी चित्रपटगीत. कुठलं संगीत वाजवणार ही अट परवान्यात नाही, म्हणून तिच्यासाठी भांडायला जागाही नाही. मी स्वतः एका स्टेशनवर रविवारी रात्री अकरा ते बारा जॅझचा तास चालवला. एक हाय-फायचं दुकान प्रायोजक होतं. अकरा महिने चालला. मग तिथे काउंटडाउनचं पुनःप्रसारण लावा असा आदेश आला. शेवटच्या रविवारी माटुंग्याहून एका निवृत्त पारशी गृहस्थांचा फोन आला, त्यांनी फक्त विचारलं, पुढच्या वेळी कुठल्या वारी लावणार. मला उत्तर देता आलं नाही. ते आजही सलतं.

उपग्रहावरच्या वर्ल्डस्पेसने तो प्रयोग वेगळ्या रीतीने केला होता, वर्गणीवर. त्यात जॅझचं 'रिफ' होतं, हिंदुस्थानी संगीताचं 'गंधर्व' होतं. ३१ डिसेंबर २००९ला भारतातली ती सेवा बंद झाली. संगीताचा दोष नव्हता, उपग्रहाचा खर्च कंपनीला झेपला नाही.

तुमच्या स्टेशनाला फ्रिक्वेन्सीच नाही, म्हणजे कुणी जागा विकत घेऊन तुम्हाला उठवणार नाही. हा तुमचा मोठा फायदा. खर्च दोन : सर्व्हर आणि हक्क. हक्कांत कसूर करू नका. गीत-संगीताच्या रचनेसाठी आयपीआरएस, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल किंवा ज्याच्याकडे त्या लेबलचे हक्क आहेत तो. दोन्ही वेगळे आहेत आणि इंटरनेटसाठीची परवानगी वेगळी मागावी लागते. सुरू करण्याआधी लेखी घ्या.

तासाचं घड्याळ आमच्यासारखं आखू नका. तासाला एकच प्रायोजक, सुरुवातीला आणि शेवटी त्याचं नाव, मधे काही नाही. संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ वहिनीसाठी ठेवा : गायलेलं, हळू, कमी बोलणं. अकरानंतर लांबचं वाजवा आणि एकही रचना तोडू नका. आठवड्याचा एक तास मुंबई-गोव्याच्या वादकांना द्या. चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ब्राझ गोन्साल्विस, लुईस बँक्स. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे कितीतरी गोवेकर वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत बसायचे. तुमचा श्रोता हे सूर लहानपणापासून ऐकत आला आहे, फक्त त्याला नाव माहीत नाही. ते नाव सांगणारा आवाज तुमच्याकडे हवा, आणि गाणं संपल्यावर तीन सेकंद थांबायची त्याची तयारी हवी.